गच्चीवरचा निरंक

मी एकतीस ऑक्टोबरला निवृत्त झालो आणि एक नोव्हेंबरपासून पाखरं मोजायला लागलो. मधे एक दिवसही विश्रांती घेतली नाही, याचं श्यामलाला, म्हणजे माझ्या बायकोला, बरेच दिवस वाईट वाटत होतं. साल एक्याण्णव.

खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात माझी चौतीस वर्षं गेली. बनून आलेल्या वस्तूत खोट आहे का ते बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं, एवढंच काम. खोट सापडली तर कोणती ते लिहायचं. नाही सापडली तर ‘निरंक’ लिहायचं. रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना म्हणजे तपासणारा झोपला होता, असं आमचे पहिले साहेब म्हणत. ही सवय हाडात इतकी मुरली, की वाण्याच्या यादीतसुद्धा जे नको असेल त्यापुढे मी ‘निरंक’ लिहीत असे आणि दुकानातला माणूस सगळी फडताळं धुंडाळून ‘निरंक संपलंय’ म्हणून सांगत असे.

शहरातल्या एका निसर्ग मंडळानं तेव्हा एक आवाहन केलं होतं. एकाच जागेवरून, सलग एक वर्ष, पक्षी, पतंग आणि वटवाघळं यांची रोजची नोंद करायची. एकही दिवस चुकता कामा नये. रोजच्या पानावर दोन माणसांच्या सह्या हव्यात. ज्याची नोंद पुरी होईल त्याची ती मंडळाच्या वार्षिकात नावानिशी छापली जाणार. लग्नपत्रिका सोडली तर माझं नाव आजवर कुठेही छापून आलेलं नव्हतं. तेव्हा मी हे काम मनावर घेतलं.

जागा आमच्याच गच्चीची ठरली. कर्वेनगरला नदीच्या अंगाला आमची सोसायटी आहे. ती जिथे उभी आहे तिथे पूर्वी आमचं हरभऱ्याचं रान होतं. रान गेलं, पण नदीकाठचा वड राहिला आणि वडावरची वटवाघळंही राहिली. सोसायटीच्या दोन इमारती समोरासमोर आहेत, आमची दोन मजली आणि समोरची तीन मजली. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या सेक्रेटरी विजयमालाबाई राहतात. त्यांच्या गॅलरीतून आमची गच्ची ताटात वाढल्यासारखी दिसते, आणि त्या जेवणाला कधी उशीर करत नाहीत.

दुसरी सही मन्सूरची. मन्सूर माझ्याच विभागात, शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं होता आणि आता आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. मोजणीची आमची पद्धत कारखान्यातलीच होती. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मधे एक शब्द बोलायचा नाही, आणि शेवटी आकडे ताडून बघायचे. संध्याकाळी वडावरून वटवाघळं उठायची आणि आमच्या डोक्यावरून खडकवासल्याच्या दिशेनं जायची. मन्सूर म्हणायचा, “दोनशे बारा.” मी म्हणायचो, “दोनशे बारा.” मग सह्या. निवृत्तीनंतर इतकं समाधान मला दुसऱ्या कशानं मिळालं नाही.

श्यामला पहिल्यांदा गच्चीवर आली ती भांडायला. पतंग यावेत म्हणून मी पाण्याच्या टाकीखालच्या दोन खांबांमधे पांढरी चादर ताणून तिच्यापुढे शंभराचा दिवा लावला होता. चादर तिच्या माहेरची होती.

“ह्या चादरीवर माझ्या आईनं कुणाला बसू दिलं न्हाई,” ती म्हणाली, “आन् तुम्ही किडं बसवताय व्हय?”

मग ती चादर उतरवायला पुढे झाली आणि तिथेच थबकली. चादरीवर एक हिरवा पतंग बसला होता, नखाएवढा, पंखांना चंदेरी काठ. ती बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती थर्मासात चहा आणि स्वतःची खुर्ची घेऊन वर आली. खुर्ची तिनं चादरीच्या डाव्या टोकाला, जिन्याच्या दाराजवळ टाकली आणि ती जागा तिची झाली.

हे इथेच सांगून टाकतो. चौतीस वर्षं मी पाळीनं कामावर गेलो. मी घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची, नाहीतर मी झोपायचो तेव्हा ती उठलेली असायची. दिवेलागणीपासून आठपर्यंत आम्ही दोघं एका जागी बसलोय असं आयुष्यात त्या वर्षीच घडलं. मला ते फार आवडत होतं. मी तसं बोललो नाही, कारण नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता.

पक्ष्यांची पद्धत अशी. नदीकडच्या कठड्यावर मी खडूनं एकेका फुटावर खुणा केल्या होत्या, चोवीस फूट. सकाळी कुठल्या फुटावर कोण बसलं ते लिहायचं. साळुंक्या, बुलबुल, दयाळ, थंडीत शेपूट हलवत येणारे परीट. फेब्रुवारीत एकदा मागची पानं चाळताना माझ्या लक्षात आलं, की सातव्या फुटावर रोज ‘निरंक’ आहे. सहाव्यावर साळुंकी, आठव्यावर साळुंकी, मधे कोणी नाही. शंभरावर दिवस झाले होते.

मी तपासनीस माणूस. सातवा फूट घासून धुतला. ज्वारी टाकली. साळुंक्या सहाव्या फुटावरून ज्वारीकडे बघत राहिल्या. मी स्वतः तिथे बसलो, काही झालं नाही. मन्सूर बसला आणि लगेच उठला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं.”

“चेष्टा नको.”

“मग निरंक लिही,” मन्सूर म्हणाला.

मी तसं लिहिलं. पण रोज एकाच जागी सापडणाऱ्या गोष्टीला क्रमांक द्यावा लागतो, हा आमच्या विभागाचा नियम. तोवर वहीत एकशे सोळा प्रकारचे जीव झाले होते. मी सातव्या फुटाच्या रिकाम्या जागेला क्रमांक एकशे सतरा दिला. मन्सूरनं सही करता करता पेन थांबवलं.

“क्रमांक दिलास? आता हा रोज हजर राहणार.”

“जागा कशी हजर राहील?”

“हजेरीपटावर नाव चढल्यावर कोण गैरहजर राहतं?”

एप्रिलमधे वटवाघळं फुटायला लागली. म्हणजे थवा सरळ यायचा, कठड्यावर आला की दोन भाग व्हायचे आणि गच्ची ओलांडल्यावर पुन्हा एक व्हायचे. पाणी दगडाला वळसा घालतं तसं. फुटायची जागा बरोबर सातव्या फुटाच्या वर होती, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. मी मंडळाला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, की उष्ण हवेचे झोत असू शकतात, आणि आपलं अक्षर सुंदर आहे.

पावसाळ्यात पतंगांना ऊत आला. टाकीखाली आडोसा होता, त्यामुळे चादर रोज लागायची. मोजायला सोपं जावं म्हणून मी शिवणीच्या दोऱ्यानं तिच्या अठ्ठेचाळीस चौकटी पाडल्या होत्या. पतंगांना मराठी नावं फारशी नाहीत, म्हणून मीच ठेवली. एकाचं नाव ‘मळकं धोतर’, एकाचं ‘वेलदोडा’. एक करडा, रुंद कपाळाचा पतंग न बोलावता यायचा आणि मधोमध बसून इतरांना हलायला लावायचा. त्याचं नाव ‘सेक्रेटरी’.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चादर इतकी भरली, की पांढरं दिसेना. फक्त उजव्या टोकाला, कठड्याकडच्या बाजूला, एक उभा पट्टा मोकळा होता. मी पुढे झालो, मागे झालो. माझी सावली पडते का बघितलं. दिव्याची जागा बदलली. पट्टा तसाच. वर गोल, खाली रुंद, मग सरळ.

श्यामला चहा ओतत म्हणाली, “कुणीतरी उभं ऱ्हायल्यासारखं दिसतंय, नव्हं?”

“उष्ण हवेचे झोत आहेत,” मी म्हणालो आणि तेरा चौकटींत ‘निरंक’ लिहिलं.

जुलैत पट्टा डावीकडे सरकला. एक चौकट. ऑगस्टमधे आणखी दोन. मी रोज आलेखाच्या कागदावर त्याची कड काढत होतो. कठड्याच्या सातव्या फुटावर मात्र आता साळुंक्या बसायला लागल्या होत्या, दाटीवाटीनं, जागा नुकतीच सुटल्यासारख्या. मन्सूरनं चादरीचा आलेख आणि कठड्याची नोंद शेजारी ठेवून बघितली. मन्सूर गप्प बसला की मला बरं वाटत नाही.

सप्टेंबरात विजयमालाबाईंचं पत्र आलं. ‘गच्चीवर एका वेळी तिघांस परवानगी देण्यात आली आहे. गेले दोन महिने चौथी व्यक्ती आढळते. सदर व्यक्ती सभासद नसल्यास तिचे नाव, पत्ता व येण्याचे प्रयोजन लेखी कळवावे.’

मी त्यांच्याकडे गेलो.

“चपला बाहेर,” विजयमालाबाई म्हणाल्या.

“बाई, आम्ही तिघंच असतो हो.”

“सर्जेराव, मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. चारपर्यंत माझी चूक होत नाही.”

“कसा दिसतो?”

“अंधारात जसे सगळे दिसतात तसा. उंच आहे. तुम्ही तिघं खुर्च्यांवर आणि तो उभा, हे काही शोभत नाही. परवा तुमच्या मिसेसशी वाकून बोलत होता. त्या हसत होत्या, म्हणून मी पत्र जरा सौम्य लिहिलं.”

घरी आल्यावर मी श्यामलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, “परवा गच्चीवर तू कशाला हसत होतीस?”

“हसंन न्हाई तर काय करंन? तुम्ही इचारलंत, दमलीस का गं. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा!”

परवा संध्याकाळी मी चादरीच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी धरून सेक्रेटरीच्या मिशा मोजत होतो. तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. दमलीस का, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं, आणि ही गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती. खरं तर तिला तिथेच संशय यायला हवा होता.

“हो, विचारलं असेल,” मी म्हणालो.

मला आधी भीती वाटली नाही, आधी राग आला. माझ्या बायकोशी माझ्या वतीनं कोणीतरी बोलतंय आणि माझ्यापेक्षा बरं बोलतंय! मी ठरवलं की उद्यापासून आपणच विचारायचं. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो. घसा खाकरला. ती वर बघायला लागली. मी म्हणालो, “थर्मासचं झाकण नीट लाव.”

ती मात्र खुलत गेली. डोळ्यांत काजळ आलं. मंडईतून येताना गजरा आणू लागली. मी रोज झोपण्यापूर्वी आडून आडून विचारायचो, “आज मी तुला काय म्हणालो गं?” ती लाजून सांगायची. पाय दुखतात का, म्हणालात. आईची आठवण येती का, म्हणालात. मी अंधारात पडून ऐकायचो आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे मला सुचायला काय हरकत होती.

दिवाळी होऊन गेली. चादरीवरचा पट्टा आता डाव्या कडेला पोचला होता. त्याचा आकारही बदलला होता. वरचा गोल भाग कडेच्या बाहेर झुकला होता, श्यामलाच्या खुर्चीकडे. खुर्चीच्या पलीकडे जिन्याचं दार. जिन्याखाली आमचं घर.

तीस ऑक्टोबरच्या रात्री मी विचारलं, “आज काय म्हणालो?”

“आज लई ग्वाड बोललात,” श्यामला कुशीवर वळत म्हणाली. “म्हणालात, आता वरीस संपत आलं. उद्यापास्नं मी घरीच हाय.”

मला झोप लागली नाही.

सकाळी मी मन्सूरला गाठलं. “आज गच्ची बंद. चादर नाही, दिवा नाही.”

“वेडा झालास? लीप वर्ष धरून तीनशे सहासष्टावं पान आहे आज. एक दिवस चुकला की सगळं बाद!”

“बाद तर बाद. माझी पाठ दुखतेय.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. पाठीवर त्याचा विश्वास बसला नव्हता. श्यामला दारात उभी होती. मी तिला म्हणालो, “तूही आज खालीच थांब. माझ्याजवळ.” ‘माझ्याजवळ’ म्हणताना माझा आवाज चिरकला.

“बरं,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. माझ्यासाठीच उतरला, हे मला तेव्हा कळलं नाही. वर्षभर वही उशाशी घेऊन झोपणारा नवरा शेवटच्या पानाला पाठ दाखवतोय, हे तिला बघवत नव्हतं.

दिवेलागणीला मी आतल्या खोल्यांच्या खिडक्या लावायला गेलो. फटाक्यांचा धूर नको, असं तिला सांगितलं. न्हाणीघराची खिडकी अडकली होती. तिच्याशी दहा मिनिटं झटलो. पुढचं दार वाजल्यासारखं वाटलं, पण वारा असेल म्हणून सोडून दिलं.

बाहेर आलो तेव्हा स्वयंपाकघरात नळ चालू होता. भांडी वाजत होती. दाराला पडदा होता.

मी हॉलमधे खुर्चीवर बसलो. बरं वाटलं. वर्ष वाया गेलं होतं, पण ती चार हातांवर होती.

आणि मग मी बोलायला लागलो. समोर पडदा होता म्हणून जमलं. मी म्हणालो, “श्यामला, ते गच्चीवर मी नव्हतो बोलत. ते कोण होतं मला माहीत नाही. पण त्यानं जे विचारलं, ते मला विचारायचं होतं.”

भांडी थांबली. नळ चालू होता.

“हं,” आतून आलं.

“ह्या वर्षात तू माझ्याशेजारी बसलीस ना, त्याच्यासाठी मी पाखरं मोजत होतो. पाखरांचं काय मेलं. तुला एकटीला चौतीस वर्षं ठेवलं. माझं चुकलं.”

“हं.”

इतक्या मायेनं हुंकार तिनं कधी दिला नव्हता. माझे डोळे भरून आले. मी खूप बोललो. पहिल्या बाळंतपणाला मी रजा घेतली नाही ते बोललो. तिच्या आईच्या चादरीचं बोललो. आता कुठे जाणार नाही, म्हणालो. तूही जाऊ नकोस, म्हणालो. प्रत्येक वाक्यापुढे पडद्याआडून ‘हं’ येत होतं, आणि प्रत्येक वेळी थोडं जवळून.

आठ वाजून गेले.

पुढचं दार उघडलं. मन्सूर आत आला. त्याच्या हातात चादरीचं एक टोक होतं आणि बगलेत वही.

“पान पुरं झालं!” तो म्हणाला. “दोन सह्या आहेत. आणि ऐक, चादर गच्च भरली होती. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. एकही निरंक नाही. तो गेला, सर्जेराव!”

“दुसरी सही कुणाची?” मी विचारलं.

चादरीचं दुसरं टोक धरून त्याच्यामागून श्यामला आत आली. धापा टाकत होती, हसत होती. केसांत एक हिरवा पतंग अडकला होता.

“माझी,” ती म्हणाली. “तुमचं वरीस वाया जाऊ द्यायचं व्हय? दोनशे बारा मोजली म्या. मन्सूरभाईंची बी दोनशे बारा.”

मी पडद्याकडे बघितलं.

ती माझ्या ओल्या गालांकडे बघत राहिली. मग तिनं खोलीभर नजर फिरवली.

“अवो, कुणाशी बोलत व्हता? जिन्यापत्तुर आवाज येत व्हता.”

“तुझ्याशी,” मी म्हणालो.

आत नळ बंद झाला.